जुने ते सोने — पण कस लावल्यावर!

'जुने ते सोने' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, तो गृहस्थ सोनार नव्हता एवढे नक्की. सोनाराच्या पेढीवर जाऊन "हा गोठ माझ्या पणजीचा आहे हो," असे कितीही गहिवरून सांगितले, तरी तो भला माणूस गोठ आधी कसोटीवर घासतो, मग तराजूत टाकतो, आणि त्यानंतरच तोंड उघडतो. पणजीविषयीचा त्याचा आदर त्यामुळे तिळभरही कमी होत नाही. वय हा त्याच्या लेखी गुण नव्हे आणि दोषही नव्हे. कस हाच काय तो गुण! ही गोष्ट आपल्याला दागिन्यांच्या बाबतीत बिनतक्रार पटते. मग ती मोटारसायकलच्या इंजिनाच्या बाबतीत का पटू नये? हाच माझा सवाल आहे, आणि ऐन दिवाळीत तो घेऊन मी भांडायला उभा राहिलो आहे.

"भांडायला विषय काय, तर म्हणे जुन्या मोटारसायकलचे इंजिन!" असे म्हणून काही वाचक पान उलटतील आणि चकलीकडे वळतील. चकली अवश्य घ्यावी. पण पान उलटू नये. कारण हा विषय आता कारखान्याच्या पत्र्याखालचा राहिलेला नाही, तो घरात आला आहे. ज्या घरात वडिलांची किंवा आजोबांची जावा पोत्याखाली झोपली होती, त्या घरात हल्ली तिला उठवण्याचा घाट घातला जात आहे. इंजिन खोलून त्याचे भाग स्वयंपाकघरातल्या परातीत मांडले जातात, परात परत मागणाऱ्या गृहिणीला "थांब जरा," असे सांगितले जाते, आणि सहा महिन्यांनी गाडी चालू झाली की मागच्या सीटवर तिलाच बसवले जाते. तेव्हा परातीत काय ठेवले आणि परातीतून काय परत इंजिनात गेले, हे विचारण्याचा पहिला हक्क तिचा आहे.

आधी ओळख करून देतो. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. फ्रान्तिशेक यानेचेक या कारखानदाराने १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले, आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' हे नाव केले. आपल्याकडे इराणी मंडळींनी म्हैसूरला 'आयडियल जावा' हा कारखाना काढला. १९६१ पासून तेथे गाड्या तयार होऊ लागल्या. १९७३ पासून त्याच कुळातली येझ्दी आली, आणि १९९६ साली कारखान्याला कुलूप लागले. २०१८ साली जावा हे नाव पुन्हा बाजारात आले, पण त्या गाडीचे इंजिन सर्वस्वी निराळे. जुन्या जावाचे इंजिन म्हणजे साधेपणाचा नमुना. सिलिंडर एक, पण धुराची नळकांडी दोन. पायाशी दांडी एकच, तीच किक आणि तीच गिअर. सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर, पिस्टनची चाल ७५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे २४९ घनसेंटिमीटरचे पोट. व्हॉल्व्ह नाहीत, तेलाचा वेगळा पंप नाही. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे.

आता अडचण ध्यानात येईल. ज्या कारखान्याने हे भाग घडवले, तो बंद होऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला. म्हणून इंजिन खोलल्यावर मिस्त्री आणि मालक यांच्यामध्ये तोच एक प्रश्न येऊन बसतो: जुनाच भाग पुन्हा घालायचा, की नवा आणायचा?

या प्रश्नावर आपल्याकडे दोन पंथ पडले आहेत. पहिल्याला मी सोवळा पंथ म्हणतो. म्हैसूरच्या कारखान्यातून जो नट जिथे बसवून आला, तोच नट तिथे पाहिजे, नाहीतर गाडी बाटली, असे या पंथाचे मत. दुसरा पंथ मोडीवाल्यांचा. "साहेब, विचार कसला करता? सगळे काढा, किट टाका, नवी कोरी गाडी!" हा त्यांचा मंत्र. हे दोन पंथ एकमेकांना पाण्यात पाहतात. मला मात्र ते सख्खे भाऊ वाटतात. कारण दोघांपैकी एकही जण माप घेत नाही! एकाला भाग जुना आहे एवढेच दिसते, दुसऱ्यालाही भाग जुना आहे एवढेच दिसते. भाग चांगला आहे की वाईट, हे पाहायला कोणी तयारच नाही.

आधी सोवळ्यांचा समाचार घेतो, कारण त्यांच्याकडून माणसाच्या जिवाला धोका अधिक आहे.

घरातला प्रेशर कुकर डोळ्यांसमोर आणा. त्याचे भांडे वीस-वीस वर्षे चालते. पण झाकणातली रबराची रिंग कडक झाली की ती बदलतातच, आणि सुरक्षेचा व्हॉल्व्ह तर न कुरकुरता बदलतात. "ही रिंग सासूबाईंच्या हातची आहे, मी तीच वापरणार," असे म्हणणारी सून मी अजून पाहिलेली नाही. जावाच्या इंजिनात नेमकी तीच गोष्ट आहे. या जातीच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आधी पिस्टनच्या खाली, क्रँकच्या पेटीत येते, तेथे दाबले जाते, आणि मग वर सिलिंडरात चढते. म्हणजे ती पेटी हवाबंदच हवी. क्रँकचा दांडा पेटीतून जिथे बाहेर पडतो, तिथे रबरी ऑइल सील असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्यांचे रबर खडखडीत होते. मग त्यातून बाहेरची हवा आत शिरते. हवा वाढली म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. आणि तेल पेट्रोलमध्येच असल्याने, पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. पेट्रोल कमी म्हणून इंजिन तापते, आणि तेल कमी म्हणून ते कोरडे पडते!

तापल्यावर काय होते? पिस्टन अॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. अॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट फुगते. ६५ मिलिमीटरचा पिस्टन शंभर अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सुमारे १५ शतांश मिलिमीटरने वाढतो. सिलिंडर तेवढाच तापला तरी त्याचे भोक सातच शतांशांनी वाढते. आणि प्रत्यक्षात पिस्टन सिलिंडरपेक्षा अधिकच तापतो. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे जेमतेम एका केसाची जाडी. तेवढीच जागा आपल्या आयुष्याला राखलेली असते. ती संपली की पिस्टन सिलिंडरला धरतो, इंजिन जागच्या जागी जखडते, साखळीतून मागचे चाक जखडते, आणि क्लच दाबायची बुद्धी क्षणात झाली नाही तर गाडी घसरते. खंबाटकीसारखा लांब घाट थ्रॉटल मिटून उतरताना तर या इंजिनाला पेट्रोल कमी, पर्यायाने तेलही कमीच मिळत असते. अशा जागी पन्नास वर्षांपूर्वीच्या रबरावर भरवसा ठेवणे याला मी परंपरेचा आदर म्हणत नाही. याला मी आत्मघात म्हणतो. आणि मागे कोणी बसले असेल, तर त्याहून कठोर शब्द वापरतो.

सोवळ्यांचा दुसरा हट्ट रिंगांचा. जुन्या रिंगांचा ताण गेलेला असतो, कडा झिजलेल्या असतात. त्या पुन्हा घालण्यात काडीचा अर्थ नाही. येथे कोणी शहाणा तडजोड सुचवतो: "सिलिंडर जुना तसाच ठेवू, नुसत्या नव्या रिंगा घालू." ही तडजोड तर मूळ हट्टापेक्षा वाईट! सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथून माघारी फिरते, त्याच्या लगेच खाली तो सर्वांत अधिक झिजतो, आणि त्याच्या वर न झिजलेल्या बिडाचा एक उंबरठा उरतो. जुनी रिंग त्या उंबरठ्याबरोबर स्वतःही झिजलेली असते, म्हणून ती निभावून नेते. नवी, धारदार कडेची रिंग त्याच्यावर आपटते आणि तुटते. तुटलेल्या रिंगेचा तुकडा पुढे काय करतो, ते सांगण्याची गरज नाही.

तिसरा हट्ट कनेक्टिंग रॉडचा आणि त्याच्या मोठ्या टोकाच्या बेअरिंगचा. "अजून आवाज करत नाही," असे म्हणतात. आवाज करत नाही म्हणजे काय? १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासहून अधिक माणसे प्राणाला मुकली. तो आसही आदल्या क्षणापर्यंत गप्पच होता. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर या अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवून दिले, की पोलाद एका तडाख्यात जेवढा भार सहज सोसते, त्याहून कितीतरी कमी भार लाखो वेळा उलटसुलट पडला तर ते मोडते. धातूही थकतो! आता हिशेब करा. मिनिटाला चार हजार फेरे धरले, तर तासाला दोन लाख चाळीस हजार फेरे. हजार तासांत चोवीस कोटी. प्रत्येक फेऱ्यात तो रॉड एकदा दाबला जातो आणि एकदा ताणला जातो. एवढ्या हेलपाट्यांनंतर त्याला "तू कसा आहेस?" असे विचारण्याचे सौजन्यही आपण दाखवू नये?

विचारण्याच्या रीती सोप्या आहेत. रॉड वर-खाली ओढून पाहावा. आडवा थोडा हलला तर चालते, पण उभ्या दिशेने जराही ढिलाई लागली तर मोठ्या टोकाचे काम काढलेच पाहिजे. मोकळा केलेला रॉड दोरीला टांगून हलकेच वाजवावा. कुंभाराकडे मडके वाजवून घेतो तसा. खणखणीत वाजला तर बरे, बद्द वाजला तर बाजूला. मग रॉकेलमध्ये बुडवून, कोरडा पुसून, वर खडूची भुकटी लावावी. चीर असेल तर आत दडलेले रॉकेल खडूवर रेघ उमटवते. या परीक्षा ढोबळ आहेत हे मी जाणतो, आणि शंका उरली तर याहून बारीक परीक्षा करून देणारे कारखाने आहेत. पण ढोबळ परीक्षाही न करता रॉड पुन्हा बसवणाऱ्याने परंपरेचे नाव घेऊ नये. आपल्या परंपरेत खंडित मूर्ती पूजेला ठेवत नाहीत. ती कितीही जुनी असो, कितीही जागृत असो, तिचे विसर्जन करतात.

एवढे ऐकून मोडीवाले खूश झाले असतील. "मग आम्ही तरी काय म्हणत होतो? सगळे बदला!" नाही, महाराज! आता तुमची पाळी.

तुम्ही जो सिलिंडर भंगाराच्या तराजूत टाकता, त्याचा अपराध काय? तो झिजला आहे, एवढाच ना? पण सिलिंडर झिजणार हे कारखान्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. म्हणून तर मूळ मापापेक्षा थोडे थोडे मोठे पिस्टन मिळण्याची सोय केलेली असते. सिलिंडर तेवढ्यापुरता बोअर करून घ्यावा, होन करावा, त्याच्या मापाचा मोठा पिस्टन घालावा. जुना सिलिंडर पुन्हा उभा राहतो. बोअरची शेवटची मर्यादा संपली, तरी आत लाइनर बसवता येतो. पूर्वी चांगले ओतकाम करणारे बिडाचे ओतीव महिनोन् महिने उघड्यावर पडू देत आणि मगच कातायला घेत. त्यामुळे त्यातले ताण निवत. तुमच्या हातातला सिलिंडर तर अर्धे शतक तापत आणि निवत आला आहे. त्याला आणखी वाकडे व्हायचे उरलेले नाही. तो देऊन, कोणी ओतला, कशात ओतला याचा पत्ता नसलेला नवा सिलिंडर घेणे म्हणजे तांब्याचा बंब मोडीत घालून पत्र्याची बादली आणण्यापैकी आहे.

आणि क्रँककेस? तिचे दोन अर्धे एकमेकांना जोडून, एकत्र धरून कातलेले असतात. ही जोडी लग्नाची आहे. एका इंजिनाचा डावा अर्धा आणि दुसऱ्याचा उजवा घेऊन संसार थाटता येत नाही. बेअरिंगची घरे एका रेषेत येत नाहीत आणि क्रँक कुरकुरत फिरतो. शिवाय इंजिनाचा क्रमांक तिच्यावरच कोरलेला, आणि तोच गाडीच्या नोंदणीपुस्तकात. क्रँककेस भंगारात गेली की कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी वेगळी झाली. मग परिवहन कार्यालयाच्या पायऱ्या चढा! क्रँकच्या दोन्ही जड चकत्यांचेही तसेच. पिन, रोलर आणि रॉड नवे आले, तरी चकत्या जुन्याच राहू शकतात. मात्र पिन दाबून बसवल्यावर भोकात घट्ट धरली पाहिजे, आणि क्रँक दोन टोकांवर फिरवून तो काही शतांश मिलिमीटरच्या आत सरळ फिरतो आहे हे डायलवर दिसले पाहिजे. गिअरच्या दातांवर खड्डे नसतील, कडा गोल झाल्या नसतील, तर ते गिअर आणखी एक पिढी पाहतील.

नवा भाग नवा आहे म्हणून चांगला, ही समजूत तर सोवळ्यांच्या समजुतीइतकीच भोळी आहे. खोक्यावर छापलेले नाव आणि खोक्यातला माल यांचे गोत्र एकच असते असे नाही. नवा पिस्टनसुद्धा मोजल्याशिवाय घालू नये. रिंग सिलिंडरात सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट पाहिल्याशिवाय ती पिस्टनवर चढवू नये. उलट जिथे नव्याला निःशंक हो म्हणावे, तिथे म्हणावेच. बेअरिंगचे आकार जगभर ठरलेले आहेत. ६३०५ क्रमांकाचे बेअरिंग कुठेही घ्या, आतले भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ६२, रुंदी १७. खात्रीच्या दुकानातून खात्रीच्या कंपनीचे नवे बेअरिंग मिळत असताना, जुने खडबडीत झालेले बेअरिंग केवळ 'मूळचे' म्हणून धुऊन घालण्यात कसली आली निष्ठा!

सोवळा पंथ येथे कायद्याचा आधार काढतो. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठी फेरबांधणी न झालेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' ठरते. तिला 'व्हीए' अक्षरांची निराळी पाटी मिळते, आणि नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात. "पाहा! सरकारच सांगते, मूळ स्वरूप!" असे म्हणून ही मंडळी झिजलेल्या रिंगेला राजमान्यता देऊ पाहतात. मला तो नियम असा वाचता येत नाही. नियमाचा रोख सांगाडा, बाह्यांग आणि इंजिन यांचे स्वरूप बदलण्यावर आहे. कारखान्यानेच आखून दिलेल्या मर्यादेत सिलिंडर बोअर करणे, सील आणि रिंगा बदलणे हे रूपांतर नव्हे, ही निगा आहे. काशीविश्वेश्वराचे देऊळ अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात नव्याने उभारले. म्हणून विश्वेश्वर नवा झाला असे कोणी म्हटले नाही. जीर्णोद्धार हा शब्द आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. त्यात जीर्णाचा उद्धार आहे, जीर्णतेची पूजा नाही.

पण माझे खरे भांडण या दोन पंथांच्या पलीकडे आहे. ते आहे आपल्या सर्वांच्या माप न घेण्याच्या खोडीशी. खंडेनवमीला आपण मायक्रोमीटरला झेंडूचे फूल वाहतो, हळदकुंकू लावतो, आणि उरलेले वर्ष "साहेब, हाताला कळते," यावर काढतो. मिस्त्रीच्या हाताविषयी मला नितांत आदर आहे. आवाजावरून रोग ओळखणारे हात आणि कान मी पाहिले आहेत. पण तीन शतांश आणि सात शतांश मिलिमीटर यांतला भेद हाताला कळत नाही. तो कळावा म्हणून तर माणसाने ते यंत्र काढले! आणि दोष मिस्त्रीचाही नाही, मालकाचा आहे. टाकीच्या रंगाला आणि क्रोमच्या चकाकीला जो हजारो रुपये हसत मोजतो, तोच सिलिंडरचे माप घ्यायला शंभर रुपये पडतील म्हटले की कपाळाला आठ्या घालतो. रंग शेजाऱ्याला दिसतो, माप दिसत नाही. हे खरे दुखणे!

कोणी म्हणेल, "तुम्हाला भावना नाहीत. हा पिस्टन माझ्या वडिलांनी चालवलेला आहे." भावनांशी माझे वैर नाही. तो पिस्टन स्वच्छ करा, त्यावर चिठ्ठी बांधा, आणि टेबलावर ठेवा. कागदांवर वजन म्हणून तो उत्तम शोभतो. काढलेला प्रत्येक भाग नाव, तारीख आणि माप लिहून एका पेटीत जपा. उद्याच्या अभ्यासकाला ती पेटी चकचकीत टाकीपेक्षा मोलाची वाटेल. वडिलांची आठवण पिस्टनमध्ये असते, पण त्याने धावत्या गाडीत आपल्यालाच वडिलांच्या भेटीला नेऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

आता गृहिणींना एक गुरुकिल्ली देऊन ठेवतो. परात परत मागताना तीन प्रश्न विचारा. या भागाचे माप काय आले? कारखान्याने दिलेली मर्यादा काय? आणि हा भाग वाटेत मोडला तर काय होईल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर मागा. तिसऱ्याचे उत्तर तोंडी चालेल, पण तेच सर्वांत महत्त्वाचे. किकची स्प्रिंग मोडली तर गाडी ढकलत घरी यावे लागेल. तिथे जुन्याला हवी तेवढी संधी द्या. रॉड मोडला तर घरी येणेच होणार नाही. तिथे शंकेचा फायदा जुन्याला देऊ नका. ज्या भागाच्या मोडण्याने पाय दुखतील, त्याला एक न्याय. ज्याच्या मोडण्याने कुंकू पुसले जाईल, त्याला दुसरा.

आणि उत्तरे मिळेपर्यंत, कितीही आग्रह झाला, पाडव्याचा मुहूर्त कितीही टळत असला, तरी मागच्या सीटवर बसू नका. नव्या भागांनी, जुन्या भागांनी, कशाने का होईना, गाडी बांधलेली असो, मापाचा कागद हातात पडला की मगच पदर खोचा आणि म्हणा, "हं, आता काढा गाडी!"